टेलिफोटो झूम घ्यायचीय : ५५-२५०, ७५-३०० की सरळ १५०-६००?

राकसकोप_रिटर्न :

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसतं वाचायलोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी बेळगावजवळच्या हिंडलग्याचा, उद्यमबागेत सीएनसी मशीनवर काम करतो. कॅमेरा कॅनन १५००डी, बरोबर आलेली १८-५५ लेन्स. घरातले वाढदिवस, राजहंसगडावरचं ढगाळ आकाश, शिवजयंतीचे चित्ररथ एवढं सगळं १८-५५ वर होतंय, पण गेल्या हिवाळ्यात राकसकोपच्या पाण्यावर गेलतो तिथं काठीवर खंड्या बसलेला, अर्धा तास बसला बिचारा, आणि घरी येऊन फोटो बघतोय तर निळा ठिपका. बायको म्हणाली पेनाची शाई सांडलीय का. तेव्हापासून डोक्यात टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ ओढणारी लेन्स, एमएमचा आकडा जेवढा मोठा तेवढं जास्त जवळ.

भिशीचे २५ हजार हातात आहेत. आता तीन पर्याय समोर आहेत. एक, दुकानदार ७५-३०० नवी देतोय, बजेटात बसतीय, ३०० आहे म्हणजे २५० पेक्षा भारी असंच ना? दोन, ५५-२५० एसटीएम (हा फोकसच्या मोटरचा प्रकार), जुनी मिळतीय एकाकडं, कमी पैशात. तीन, कोल्हापूरच्या दोस्ताची सिग्मा १५०-६००, ती बजेटच्या लय वर जातीय पण तो हप्त्यानं द्यायला तयार आहे. पक्षी मुख्य, राकसकोप, जांबोटी, जमलं तर दांडेलीकडं. आणि भाचा कुस्ती खेळतो, त्याचे दोन फोटो आले तर बहीण खूश. कुठली घेऊ?

सहाशेवाला :

१५०-६०० घे आणि विषय संपव. मी आधी २५० घेतली, मग ३०० घेतली, मग ४०० घेतली, प्रत्येक वेळी जुनी विकताना पैसे गेले ते वेगळेच. पक्ष्याला कितीबी एमएम कमीच पडतात भावा. हप्ता तर हप्ता.

खानापूर_रानवाट :

सहाशेवाले दादा, तुम्ही हिडकलच्या मोकळ्या पाण्यावर फोटो काढता, तुमचं तुमच्या जागी बरोबर आहे. पण या दादांनी जांबोटी आणि दांडेली लिहिलंय. मी शाळेत शिकवते, सुट्टीत जांबोटी-कणकुंबीच्या रानात फिरते, सात-आठ वर्षं झाली. तिथं अडचण लांबीची नाहीच, उजेडाची आहे. सकाळी साडेसातला झाडीखाली एवढा अंधार असतो की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद) १६०० आणि एफ ५.६ वर शटर १/६० सेकंद मिळालं तरी नशीब म्हणायचं. कर्णा पक्षी पंधरा फुटांवर समोर येऊन बसतो, अगदी पोज देतो, आणि फोटोत लाल धूर. तिथं ६०० एमएम घेऊन काय करणार, ती तर टोकाला एफ ६.३, म्हणजे आणखी अंधार.

दुसरं म्हणजे वजन. त्या सिग्माचं वजन जवळजवळ दोन किलो. ५५-२५० एसटीएम पावणेचारशे ग्रॅम. चोर्ल्याच्या बाजूला पावसाळ्यानंतर जळवा असतात, एका हातानं जळू काढायची आणि दुसऱ्या हातात दोन किलो, हे मी एकदा करून बघितलंय, परत नाही.

राकसकोप_रिटर्न :

ताई, एफ ५.६ आणि ६.३ चं गणित जरा फोडून सांगा की. मला एवढंच माहिती की आकडा कमी तेवढी लेन्स महाग 😄

शहापूरचा_नाना :

मी सांगतो, तू सीएनसीवाला आहेस म्हणजे तुला एका मिनिटात कळणार. फोकल लेंथला एफच्या आकड्यानं भाग, येतो तो डायमीटर, लेन्सच्या तोंडाकडून बघितलं की जेवढं भोक दिसतं तेवढा. २५० भागिले ५.६, साधारण ४५ एमएम. ६०० भागिले ६.३, ९५ एमएम. म्हणून त्या सिग्माला पुढं ९५ चा फिल्टर लागतो आणि ५५-२५० ला ५८ मध्ये भागतं. काच एवढी मोठी म्हटल्यावर वजन आणि पैसे आपोआप आले, कंपनी लुटतीय असं काही नाही. आणि ३०० एमएमला एफ २.८ पाहिजे म्हटलं तर १०७ एमएमचं भोक, त्याची किंमत तू विचारू पण नको, भिशी दहा वर्षं चालवावी लागेल.

एफचा आकडा अर्धा झाला की उजेड चौपट. ५.६ वर १/२५० मिळत असेल तर २.८ वर १/१००० मिळणार. एवढंच लक्षात ठेव.

आता ७५-३०० चं. ती घेऊ नको. दुकानदार ती का पुढं करतोय मला पक्कं ठाऊक आहे, स्वस्त आहे आणि डब्यावर ३०० लिहिलंय, गिऱ्हाईक आकडा बघून घेतं. त्या लेन्सला आयएस (हाताचं हलणं सावरणारी सोय) नाही, म्हणजे हात हलला की फोटो हलला. ती १९९९ सालची डिझाइन आहे. ३०० ला पूर्ण उघडून मारलास तर सगळं दुधात बुडवल्यागत येतंय, पांढऱ्या बगळ्याच्या कडेनं जांभळी रेघ. ५५-२५० एसटीएम २०१३ ची, आयएस आहे, ऑटोफोकस आवाज न करता होतो, आणि २५० ला काढून क्रॉप केलेला फोटो त्या ३०० पेक्षा साफ दिसतो. ५० एमएमचा फरक म्हणजे दोन पावलं पुढं जायचं. फक्त जुनी घेताना नावात एसटीएम आहे का बघ, साधी ५५-२५० आयएस आणि आयएस टू पण बाजारात फिरायलेत, त्या वाईट नाहीत पण एसटीएमची सर नाही.

चिकोडी_निकॉन :

मध्येच घुसतोय, माफी. माझ्याकडं निकॉन डी५१०० आहे, एकजण एएफ-पी ७०-३०० व्हीआर (व्हीआर म्हणजे निकॉनचं आयएस) देतोय, घेऊ का?

शहापूरचा_नाना :

@चिकोडी_निकॉन, नको. डी५१०० वर एएफ-पी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. तुला एएफ-एस पाहिजे, ५५-२०० व्हीआर किंवा ५५-३०० बघ. जुनी एएफ-डी पण घेऊ नको, तुझ्या बॉडीत फोकसची मोटर नाही, हातानं फिरवत बसशील. बाकी वेगळा धागा काढ बाबा, इथं कॅननचं लग्न चाललंय.

सहाशेवाला :

नाना, रानवाट ताई, सगळं मान्य. पण मला एक सांगा, हा माणूस हिवाळ्यात घटप्रभेला जाणारच. धुपदाळच्या बंधाऱ्याकडं कर्कुंज उतरतात, पांढरे करकोचे येतात, ते काय २५० मध्ये सापडणार? तिथं पक्षी दीडशे-दोनशे मीटरवर. पुढं जायचं म्हटलं तर पाणी, नाही तर चिखल. तिथं माझ्या ६०० शिवाय पर्याय नाही.

खानापूर_रानवाट :

तिथं ६०० पाहिजे, मी नाही म्हणतच नाही. पण ६०० घेऊनसुद्धा दहानंतर गेलात तर काय मिळतं ते पण सांगा की दादा. ऊन तापलं की शेतावरची आणि पाण्यावरची हवा थरथरायला लागते, दोनशे मीटरवरचा करकोचा असा दिसतो जसा चुलीच्या वाफेतून बघतोय. मग लोक लेन्सला शिव्या देतात, फोकस बिघडलाय म्हणतात, सर्व्हिसला पाठवतात. लेन्स ठीक असते, मधली हवा नसते. त्याला उपाय एकच, पहाटे जायचं नाही तर जवळ जायचं.

आणि जवळ जाण्याचं गणित मी शाळेत पोरांना सांगते तसं सांगते. छोटा खंड्या साधारण १६ सेंटीमीटरचा. २० मीटरवरून २५० ने काढला तर सेन्सरवर तो भरतो २ मिलिमीटर. सेन्सरची रुंदी २२.३. म्हणजे फोटोच्या अकराव्या हिश्शात तुमचा खंड्या, तोच पेनाच्या शाईवाला. ६०० ने काढला तर ४.८ मिलिमीटर. पण हेच ४.८ तुम्हाला २५० नेसुद्धा मिळतात, फक्त साधारण ८ मीटरवर पोचायला पाहिजे. २० वरून ८. त्या १२ मीटरसाठी लोक हप्ते भरतात.

आता ८ मीटरवर कसं पोचायचं, तर खंड्याच्या मागं जायचंच नाही. त्याची काठी ठरलेली असते, तो फिरून फिरून तिथंच येतो. तुम्ही अंधारात जाऊन काठीपासून सात-आठ मीटरवर झुडपाआड बसायचं, अंगावर मातकट चादर घ्यायची, मोबाइल सायलेंट. पहिला दिवस वाया जातो. दुसऱ्या दिवशी तो तुम्हाला दगड समजतो.

सहाशेवाला :

ताई, चादर घेऊन बसलो तर गावातली कुत्री पहिल्यांदा येतात, मग गावातले लोक येतात, मग "काय रे, काय शोधायलास, पैसे पुरलेत काय" 😂 अनुभवाचे बोल. पण ते आठ मीटरचं गणित भारी आहे, मी असा विचार केला नव्हता. तरी कर्कुंजाला चादर चालत नाही हे पण लिहून ठेवा.

खानापूर_रानवाट :

लिहून ठेवलं 🙂 एकच सांगते, घरट्याजवळ मात्र चादर पण नको आणि ६०० पण नको. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो. आपण झाडाखाली बसलो की नर येतच नाही, आत मादी-पिल्लं उपाशी. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून बोलावतात तेही बंद करा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरूच नका.

दांडेलीकडं जाणारच असाल तर गणेशगुडीला ओल्ड मॅगझिन हाउसमध्ये पाण्याच्या कुंड्या ठेवल्यात, पक्षी तिथं आंघोळीला येतात, आपण आडोशामागं बसायचं. अंतर इतकं कमी असतं की ६०० वाल्यांचं डोकं कापलं जातं, म्हणजे फोटोत पक्ष्याचं. तिथं ५५-२५० राजा.

वडगावकर :

सगळे डीएसएलआर डीएसएलआर करायलेत, २०२५ उलटून गेलं राव. ही लेन्स घेण्यापेक्षा पैसे साठव आणि मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नवा कॅमेरा घे. कॅननचा आर१० आणि आरएफ १००-४००, लेन्स ६३५ ग्रॅम फक्त, पक्ष्याच्या डोळ्यावर स्वतः फोकस धरतंय.

शहापूरचा_नाना :

वडगावकर, खरंय तुझं, पण त्याच्याकडं २५ हजार आहेत, तू सांगतोस त्यात नुसती पिशवी येणार. आणि १००-४०० टोकाला एफ ८ आहे, रानवाट बाईंच्या जंगलात एफ ८ नेऊन दाखव. हां, एक गोष्ट मात्र कामाची, पुढं कधी आर बॉडी घेतलीच तर अ‍ॅडॉप्टर लावून ही ५५-२५० चालती, ऑटोफोकस आणि आयएस दोन्ही. पैसे बुडत नाहीत.

आता भाच्याची कुस्ती. खरं सांगू का, कुस्तीला ५५-२५० नडणार. आयएस आपला हात धरतंय, पैलवानाला धरत नाही. हे नीट समजून घे, पुष्कळ लोकांची गफलत होते इथं. फांदीवर बसलेल्या पक्ष्याला आयएसच्या जोरावर १/६० ला पण फोटो येईल, पण ढाक मारताना पैलवान हवेत असतो, त्याला १/५०० तरी पाहिजेच, नाही तर दोघांची मिळून एक गाठोडी दिसती. दुपारी उन्हात कुस्त्या लागल्या तर २५० मस्त चालती. आनंदवाडीच्या आखाड्यात मोठी जोड लागते तोपर्यंत ऊन गेलेलं असतंय, दिवे लागतात, मग १/५०० साठी आयएसओ १२८०० म्हणजे तुझ्या कॅमेऱ्याचं शेवटचं टोक, फोटोत आखाड्यातली माती सगळीकडं पसरल्यागत दिसणार. तिथं ७०-२०० एफ २.८ लागते. माझ्याकडं आहे, दीड किलोची आहे, लग्नात वापरून वापरून पांढऱ्याची पिवळी झालीया. ती विकत घ्यायच्या भानगडीत पडू नकोस, वर्षातनं दोनदा लागणारी वस्तू.

राकसकोप_रिटर्न :

नाना, ताई, डोळे उघडले. ७५-३०० कट. हप्त्याचं पण दोस्ताला नको म्हणून सांगितलं, तो जरा रुसलाय. आता ही जुनी एसटीएम बघायला परवा जायचंय, माणूस कॅम्पात राहतो. काय काय बघू?

कणबर्गी_क्लिक :

माझं ऐक, मी फसलोय. ऑनलाइन एकाकडनं जुनी झूम घेतली, बाहेरनं नवरीगत चकचकीत. घरी आणून टॉर्च मारली तर आत कोळ्याचं जाळं. बुरशी. त्यानं फोन उचलायचा बंद केला. तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे की आधी दोन्ही टोपणं काढायची, मोबाइलची टॉर्च मागून मारून पुढनं तिरकं बघायचं. चार धुळीचे कण असले तर सोड, त्यानं काही होत नाही. पांढरी कोळिष्टकं किंवा धुरकट डाग दिसला की चहा पिऊन परत यायचं. मग स्वतःचा कॅमेरा लावायचा, त्याचा नाही. ५५ ला आणि २५० ला, जवळचं-लांबचं, पाच-सहा वेळा फोकस करायचा, कुठं अडखळतंय का बघायचं. २५० वर आयएस बंद करून व्ह्यूफाइंडरमधून बघायचं आणि मग चालू करून, चित्र एकदम थांबल्यासारखं वाटलं पाहिजे. शेवटी विटांची भिंत किंवा भिंतीला चिकटवलेला पेपर समोरासमोर धरून एक फोटो, चारी कोपरे झूम करून बघ. एकच कोपरा पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलीय.

आणि कॅम्पात जातोयस तर लेन्स तपासायला बाहेर रस्त्यावर उभा राहून कुठंही रोखू नको, मिलिटरीची हद्द आहे, नंतर लेन्सपेक्षा उत्तरं द्यायला जास्त वेळ जाईल.

खानापूर_रानवाट :

बुरशीचं निघालं म्हणून लिहिते. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलेवर पण बुरशी येते, खानापूरच्या बाजूला तर विचारूच नका. लेन्स बॅगेत ठेवून बॅग कपाटात, हे सगळ्यात वाईट. मी घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घेतलाय, त्यात सिलिका जेल, रंग बदलणारी घ्यायची, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर हलवून परत वाळवायची. आत एक छोटा आर्द्रता मोजणारा काटा ठेवलाय, ४० ते ५० च्या मध्ये राहिला की निवांत. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवणारे पण भेटलेत मला, कृपा करा, पीठ आत जातं.

सहाशेवाला :

टेकू द्यायला ट्रायपॉड घेत बसू नको, जुन्या जीन्सचा एक पाय काप, दोन्हीकडनं शिव, आत मूग भर. गाडीच्या खिडकीवर, दगडावर, बंधाऱ्याच्या कठड्यावर कुठंही बसतंय. मी पहिल्यांदा हलकं व्हावं म्हणून चुरमुरे भरलेले. बेळगावचा माणूस, दुसरं काय सुचणार. लेन्स टेकवली की कर्रकर्र, सगळे बगळे उडाले.

राकसकोप_रिटर्न :

घेतली!! टॉर्च, भिंत, पेपर सगळं केलं, तो माणूस म्हणाला लेन्स घ्यायलाय की पोरगी बघायलाय. साफ निघाली. भिशीतले निम्म्याहून जास्त पैसे उरले, त्यातनं डबा, सिलिका आणि लेन्सच्या तोंडावर तिरपं ऊन अडवणारं ५८ चं हूड.

दोन दिवस राकसकोपला पहाटे गेलो. पहिल्या दिवशी चादर, मूग, सगळं साग्रसंगीत, आणि म्हशी आल्या. पंधरा म्हशी पाण्यात उतरल्या आणि तिथंच बसल्या. दुसऱ्या दिवशी खंड्या काठीवर आला, पण मी शटर १/१२५ वर ठेवून आयएसच्या भरवशावर होतो, त्यानं सूर मारला आणि माझ्याकडं काठीचा एकदम शार्प फोटो आहे. नानांचं पैलवानाचं वाक्य तेव्हा आठवलं. मग १/१००० केलं, आयएसओ ऑटो, पण त्यानं काही परत सूर मारला नाही. एक बसलेला मिळालाय, क्रॉप करून चोच, मासा, सगळं दिसतंय. बायकोला दाखवला. म्हणाली मासा कुठला आहे.

खानापूर_रानवाट :

फोटो टाका की मग! मासा आम्ही ओळखतो.

शहापूरचा_नाना :

हूड घातलंस ते बरं केलंस, फिल्टरच्या नादाला लागला नाहीस. भाच्याची कुस्ती कधी आहे सांग, माझी पिवळी ७०-२०० घेऊन येतो, एक कुस्ती तू काढ, एक मी काढतो. मेमरी कार्ड तुझं. आणि १/५०० च्या खाली गेलास तर आखाड्यातनं बाहेर काढीन.